सतरा नंबरची बाटली

रुपरावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण त्यात खत किती आहे याची त्यांना बारीक खबर असे. त्यांची थोरली लेक गोपिका गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एका संस्थेत समुद्राच्या पाण्यातली पोषकद्रव्यं मोजायची. नोकरी लागली तेव्हा तिनं बापाला समजेल अशा भाषेत सांगितलं होतं, की कपाशीला लागतं तेच समुद्रातल्या शेवाळाला लागतं, नत्र आणि स्फुरद. तेव्हापासून रुपराव कोराडीच्या कॉलनीत भेटेल त्याला सांगत, "पोरगी समुद्रात खत मोजते." एवढं खत टाकलं कोणी, असं कुणी खवचटपणे विचारलं की ते गंभीर होत. "त्याचाच तं शोध करून राहिली."

लेक दरवर्षी म्हणायची, बाबा, पुढच्या सफरीआधी तुम्हाला किनाऱ्यावर नेतेच. सफर यायची, जहाज सुटायचं, आणि बाबा आधी कोराडीला, मग निवृत्तीनंतर नागपुरात मानेवाड्याच्या घरी असायचे. अशी तीस वर्षं गेली. मग त्यांची मूत्रपिंडं थकली आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं. तेव्हापासून दोन वर्षं ते रोज वरणाच्या वाटीकडे बघून एकच विचारायचे, हे वरण आहे की भिंतीचा चुना?

गोपिकेचंही काही गोड चाललं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या सफरीत, सतरा नंबरच्या ठिकाणी, तिला खोल पाण्यात स्फुरद सापडलं होतं. कुणाला वाटलं नव्हतं इतकं. तळाचा प्राणवायू संपत चालल्याची ती खूण, असं तिचं म्हणणं. तिनं निबंध पाठवला. तो तपासणाऱ्या कुणा अनामिक विद्वानानं दोन ओळींत निकाल लावला : साबणात स्फुरद असतं, बाटल्या साबणानं धुतल्या असाव्यात. तीस वर्षं समुद्र ढवळून गाडी शेवटी बाईला भांडी घासता येतात की नाही, यावर येऊन अडली होती. फोनवर हे ऐकून आई, अंजनाबाई, तिच्याहून जास्त चिडली होती. मी शिकवलं तुले भांडे घासाले, लिहून दे त्याले, म्हणाली.

लिहून देऊन भागणारं नव्हतं. पण त्याच पाण्याची एक जुळी बाटली होती. नवीकोरी, साबण न लागलेली, न उघडलेली, चार वर्षं गोठवून ठेवलेली. विशाखापट्टणमची एक प्रयोगशाळा ती तपासायला तयार झाली. आकडा जुळला तर निबंध छापून येणार होता. दीड वर्षात निवृत्ती होती, म्हणजे नाहीतर तिच्या कामाची शेवटची ओळ साबण हीच राहणार होती.

बाटली घेऊन निघायच्या आदल्या दिवशी धाकट्या सुशीलचा फोन आला. डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं होतं. नागपूरवरून जायला फेरा पडत होता. ती थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून निघाली, आणि मानेवाड्याला पोचताच हातमोजे चढवून तिनं बाटली फ्रीजरात ठेवली.

"काय आहे वं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"समुद्राचं पाणी. हात लावू नको, आई."

अंजनाबाईंनी पुढे केलेला हात झटकन मागे घेतला. दुसऱ्या दिवशी गोपिकेनं पाहिलं, तर फ्रीजर पुसून लख्ख केलेला आणि सुशीलनं आणून ठेवलेलं चिकन शेजारी रवाना झालेलं. थंडावा नीट राहावा म्हणून आईनं जागा केली, असं तिला वाटलं. बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा श्वास अडखळू लागला. सुशील डॉक्टरांना आणायला धावला. गोपिका ओसरीत विशाखापट्टणमला फोन करून आत आली, तर आई खाटेशी बसलेली. पदरात धरून ती कशाला तरी ऊब देत होती. सतरा नंबरची बाटली. आतला बर्फ निम्मा वितळला होता.

"आई, हे काय करते?"

"तू बाबासाठीच आणलं ना? हात लावू नको म्हणे, म्हणून पदरानं धरलं." आई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. "गंगाजल तं एका नदीचं असते. ह्यात आपली कन्हान बी असंन."

कन्हान या समुद्राला मिळत नाही, ती दुसऱ्या बाजूला जाते. चुकीचं काही ऐकलं की दुरुस्त करायची गोपिकेला तीस वर्षांची खोड. ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

झाकणावरची पट्टी अजून शाबूत होती. आत्ता उचलून फ्रीजरात टाकली तर पाणी अजून वाचत होतं. हे त्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं.

"झाकण फिरत नाही वं," आई म्हणाली. "तू काढ."

हातमोजे खुर्चीवर पडले होते. गोपिकेनं उघड्या हातांनी पट्टी सोलली आणि झाकण फिरवलं.

आईनं चमच्यानं दोन थेंब सोडले. बाबांची जीभ हलली. कपाळावर आठी आली, मग गेली.

"मीठ टाकलं आज," ते म्हणाले.

"समुद्र आहे, बाबा," गोपिका म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. बाटलीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "किती हाय?"

काय किती, हे तिला विचारावं लागलं नाही. तिनं स्फुरदाचा तो आकडा सांगितला, जो कुणी मानला नव्हता. "तीन पॉइंट चार."

"लय हाय," रुपराव म्हणाले. आणि अजून थोडं द्या, अशी बोटं हलवली.

डॉक्टर आले तेव्हा चमचा कोरडा झाला होता.

तेरावं झाल्यावर गोपिकेनं विशाखापट्टणमला कळवलं, नमुना संपला. कारण लिहिलं नाही. सामान भरताना आई मागून आली आणि तिच्या हातात रिकामी बाटली दिली.

"तुहं सामान राहून जात होतं. घासली आहे मी, दोनदा."

गोपिकेनं ती नाकाशी धरली. साबणाचा लिंबाचा वास येत होता.

"छान निघाली," ती म्हणाली, आणि तिनं ती साडीच्या घडीत ठेवली.