गुण आला त्यांच्या सह्या

सयाजी डॉक्टरांना पोलिसांनी धरून नेलं, त्या दिवशी आमच्या गावात कित्येक घरांत चूल पेटली नाही. हे २००५ सालचं. देवमाणूस होता म्हणे. पोटातलं बाळ मशीनवर बघायचा, मुलगी असली की बाईला आत घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत मोकळी करून घरी धाडायचा. मी शिकवायचे त्या पहिलीच्या वर्गात तेव्हा सव्वीस मुलगे आणि अकरा मुली होत्या. देवाची एवढी कृपा मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

तक्रार रूपालीने केली होती. दोन मुलींवर तिला दिवस गेले, तेव्हा सासू बायडाबाई तिला तपासायला म्हणून डॉक्टरकडे घेऊन गेली. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाला, बाळ आतच गेलं होतं. त्या सकाळपर्यंत ते लाथा मारत होतं, हे तिला ठाऊक होतं. तेव्हापासून ती दोन्ही मुली घेऊन गावातच माहेरी राहत होती. फौजदारांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, दुसरं कुणी बोललं नाही तर केस टिकायची नाही. आणि बोलणार कोण? ज्यांनी बोलायचं त्यांनीच तर मुलगा झाल्यावर पेढे वाटले होते.

दूध संस्थेचे चेअरमन बाबासो दुसऱ्याच दिवशी शाळेत आले.

"क्रांतीबाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. डॉक्टरांच्या बाजूनं निवेदन लिवायचं हाय."

"काय लिहू?"

"गुण आलेल्यांची नावं घाला की. सायबाला कळू दे, किती घरात दिवा लावलाय त्यांनी."

एरवी मी या माणसाला शाळेच्या पायरीवर उभं केलं नसतं. त्या दिवशी मुकाट्याने पेन उचललं.

सकाळी सहाला सगळं गाव दूध घालायला संस्थेपुढे रांग लावतं. तिथेच मी कागद घेऊन बसले. जो तो पुढे सरकला की सांगायचा, मी लिहायची, तो सही करायचा. चिमणाबाईने सुनेला दोनदा नेल्याचे महिनेसुद्धा सांगितले, वर बजावलं, "नीट लिवा बाई, मागनं नाव राहिलं म्हणू नगासा." पहिला नंबर बाबासोंचा. तीन मुली वेळेत कळल्या, मग नातू झाला. रूपालीही किटली घेऊन शेवटी उभी होती. तिच्यापुढे चार माणसांची जागा मोकळी सोडलेली, जणू लागण तिलाच झाली होती. मला त्या रांगेची किळस आली. पण त्रेचाळीस घरं झाली तरी मी माझा एक शब्द घातला नाही.

बाबासो फेटा बांधून पोलीस ठाण्यात गेले. निवेदनाची पोचसुद्धा घेतली, शिक्का मारून. फौजदारांनी कागद दोनदा वाचला.

"सगळ्या सह्या खऱ्या न्हवं?"

"एकूण एक. कोर्टात बी सांगू की."

चार दिवसांनी त्रेचाळीस घरांना जबाबाला बोलावणं आलं. तासाभरात गाव रूपालीच्या दारात जमलं. बायडाबाई जन्मात पहिल्यांदा सुनेला बाळ म्हणाली.

"तक्रार मागं घे बाळ. सगळं गाव आत जाईल गं."

रूपाली म्हशीची धार काढत होती. तिने हात थांबवला नाही.

"माझी घिऊन काय हुतंय आता?" ती म्हणाली. "तुम्ही समद्यांनी लिवून दिलंय की."