फळ्यावरचा जलनिधी

बंदराच्या कचेरीत माझं काम एकच. पहाटे पाचला फोनवर हवेचा अंदाज यायचा, तो धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. एवढ्यासाठी भाषेची पदवी लागत नाही. पण माझ्याकडे ती होती आणि ती मला गप्प बसू देत नव्हती.

निबंधात एकच शब्द दोनदा आला की आमचे मास्तर मार्क कापायचे. ते हाडीमाशी खिळलं होतं. त्यामुळे सोमवारी समुद्र, मंगळवारी सागर, मग सिंधू, रत्नाकर, पयोधी. खणात बावीस शब्दांची यादीच होती. नोकरीचे पहिले दोन महिने हवा शांत, म्हणून मी फळा भरभरून लिहीत सुटलो. ‘आज रत्नाकर प्रसन्न असून लाटा मंद हास्य करीत आहेत.’ होडीवाले थांबायचे, बघायचे, पुढे जायचे. मला वाटायचं, भारावलेत बिचारे.

बायको होडीवाल्याची मुलगी. एकदा म्हणाली, “अहो, ही माणसं समुद्र म्हणतसुद्धा नाहीत. ‘बाहेर’ म्हणतात. बाहेर कसं आहे, बाहेर जायचं का, संपलं.” भाषेची पातळी कुणीतरी उंचावलीच पाहिजे, असं मी तिला ऐकवलं.

मग एका गुरुवारी फोन आला: वादळ येतंय, कुणालाही सोडू नका. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘जलनिधी प्रक्षुब्ध होण्याची चिन्हे असल्याने नौकानयन इष्ट नव्हे.’ ‘इष्ट’खाली रेघ ओढली आणि चहा प्यायला गेलो.

दहाला वारा सुटला. बाकीचे जुनेजाणते आभाळ बघूनच थांबले होते. धक्क्यावर एकच जागा रिकामी होती, माझ्या मेहुण्याच्या होडीची.

बायको धावत आली. तिने फळा वाचला. “कुठाय तो?”

“बाहेर गेलाय,” मी म्हणालो. बावीसपैकी एकही शब्द तोंडात आला नाही. मी घाबरून गेलो होतो.

चार वाजता होडी दिसली. इंजिन बंद पडलेलं, मेहुणा वल्ही मारत आला, तळहात सोललेले. बायकोने त्याला आधी दोन धपाटे घातले, मग ती रडली.

“अरे, फळा वाचला नाहीस?” मी विचारलं.

“बघितला की, दाजी. लांबलचक होता. तुमचं लांबलचक असलं की हवा चांगली असते, म्हणून निघालो.”

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच फोन आला. मी लिहिलं, ‘बाहेर जाऊ नका.’ मेहुणा होडीचा दोर सोडत होता. त्याने मान वर करून वाचलं, दोर परत बांधला आणि घरी गेला.

माझं लिखाण शेवटपर्यंत वाचणारा तो पहिला वाचक.