खास वर, सरसकट खाली

रेवतीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर लिहायला खात्री लागते. मला चेकवर सही केल्यावरसुद्धा ती आपलीच आहे ना, अशी शंका येते.

रेवती दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी कार्यालयात माझ्या हाताखाली होती. उदारीकरण आलं तशी ती गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत गेली. मी निवृत्त होऊन दिल्लीतल्याच द्वारकेला आलो. इथे सोसायट्या आल्या होत्या, पाणी यायचं होतं.

कार्यालयात मी एक तक्ता आखला होता. संगणकाच्या प्रोसेसरला मिळणारी सूचना म्हणजे नुसते शून्य आणि एक. ती ओळखण्यासाठी प्रत्येक ओळीत रकाने केले: कुठले अंक पाहायचे, ते काय असायला हवेत, आणि जुळले तर सूचनेचं नाव. वरून वाचत यायचं, पहिली ओळ जुळली की थांबायचं. म्हणून खास सूचना वर, सरसकट सूचना खाली.

आमचे संचालक उल्हाससाहेब यांना हे शिष्टाचाराला सोडून वाटलं. मोठ्या सूचना तळाला कशा? त्यांनी सगळ्या ओळी ज्येष्ठतेनुसार लावायला सांगितल्या. मी ‘बिल्कुल, सर’ म्हणालो. ‘इथलं तिथे उतरवा’ ही मोठी सूचना वर गेली. इथलं इथेच, जागच्या जागी उतरवलं की तिची ‘काहीच करू नका’ होते. ती खास ओळ खाली राहिली आणि तिच्यापर्यंत कुणी पोचेना. ‘काहीच करू नका’ ही सूचना ओळखता येत नाही, आणि तेही आमच्या खात्यात!

रेवतीच्या कंपनीने तोच तक्ता, बदललेल्या क्रमासकट, घेतला होता. निवृत्तीनंतर उल्हाससाहेब तिथेच सल्लागार झाले आणि तक्त्याची मांडणीच सदोष आहे, परदेशातून विकत घ्या, असा सल्ला देऊ लागले. स्वतःच्या चुका दुसऱ्यांदा पगार घेऊन शोधायची सोय पूर्वी नव्हती. रेवतीने लिहिलं होतं, ‘सर, ओळींचा क्रम मुळात काय होता आणि कुणी बदलला, एवढंच लिहून द्या. महिनाअखेरीला मीटिंग आहे. तक्ता गेला तर माझं इथलं कामही जाईल.’

मी मसुदे केले आणि फाडले. संचालक झालेल्या माणसाला काहीतरी दिसलंच असेल, असं वाटायचं.

“एका ओळीचं उत्तर आहे,” माझी बायको कुमुद म्हणाली. “तुम्ही कादंबरी काढलीत. पाकिटाला तिकीट लावून ठेवलंय, सुकून पडेल.”

त्याच सुमारास सोसायटीचे सेक्रेटरी खंडेराव यांनी मला फाटकावरच्या पाटीचा मजकूर करायला सांगितला. मी लिहिलं: सभासदांचे पाहुणे आत सोडावेत, दूध आणि गॅसची गाडी सोडावी, बाकी बाहेरच्या गाड्यांना मनाई.

“काका, मेन गोष्ट टॉपला पाहिजे ना यार,” म्हणत खंडेरावांनी मनाई वर घेतली आणि पाटी हिंदीत रंगवून लावली.

रविवारी मी भाजी घेऊन परतलो, तेव्हा फाटकाबाहेर एक टॅक्सी उभी होती. आत खंडेरावांचे नागपूरचे व्याही आणि विहीणबाई, मांडीवर संत्र्यांची करंडी. चौकीदार नवा आणि नेमका होता. खंडेराव बनियनवर धावत आले आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून ओरडले, मेहमानांना सोडायचं इथे लिहिलं आहे.

चौकीदार शांतपणे म्हणाला, “साहब, ऊपर बाहर की गाड़ी मना लिखा है. गाड़ी बाहर की है. नीचे तक जाने की ज़रूरत ही नहीं पड़ी.”

विहीणबाई काय म्हणाल्या ते मी ऐकायला थांबलो नाही. आपण बरोबर होतो, असं मला आयुष्यात क्वचितच वाटतं आणि फार वेळ टिकत नाही. ते टिकलं आहे तोवर मी लिहून टाकलं: ‘चि. रेवती, मुळात खास ओळी वर होत्या. क्रम उल्हाससाहेबांनी बदलला. मी गप्प बसलो. मांडणी बरोबर आहे. हे पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवलंस तरी चालेल.’

सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं. मग हात घालून ते परत निघतं का, ते पाहिलं.

निघालं नाही.