झीज

काचेच्या पेटीवर वाकून संयोगिता माने यांनी भिंग डोळ्याला लावले आणि श्वासाची वाफ काचेवर धरू नये म्हणून पदर तोंडावर घेतला. मखमलीवर एकच पेन होते. हिरव्या-काळ्या लाटांचे, कडक रबराच्या एबोनाइटचे, ड्रॉपरने शाई भरायचे. टोपण काढून शेजारी ठेवले होते. सोन्याच्या निबेच्या टोकावरचा मोहरीहून बारीक मणी एका अंगाने तिरका झिजला होता, आणि ते अंग उजव्या हाताने लिहिणाऱ्याचे नव्हते.

पेटीवरच्या पट्टीत सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'याच लेखणीने डॉ. अमृतराव शेडगे यांनी "दगडातले स्वार" हा ग्रंथ सिद्ध केला.' सिद्ध केला. संयोगिताबाईंना शब्दाची निवड आवडली. चोराने निदान क्रियापद तरी जपून वापरले होते.

"आवं बाई, वळखलं का न्हाई?"

मागे एक वाळका म्हातारा टोपी हातात धरून उभा होता.

"आकाराम," त्या म्हणाल्या. "जीपवाले. म्हसवडच्या वाटेवर तुमच्या जीपनं मला दोनदा चालायला लावलं होतं."

"जीपनं न्हाई, रस्त्यानं. त्यो आजून तसाच हाय." तो हसला. "तुमी उनात त्या दगडापशी फतकल मारून लिवत बसायच्या. लय नवल वाटायचं मला."

"आणि सर?"

"सर कवा जीपमधनं उतरलं तर नव्हं. म्हनायचं, दगड काय पळून जातुय व्हय?"

संयोगिताबाई हसल्या. साताऱ्याच्या त्या सभागृहात तासाभरापूर्वी पाऊल ठेवल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

तेव्हा त्या माण तालुक्यात गावोगाव वीरगळी वाचत हिंडत होत्या. लढताना पडलेल्यांचे ते दगड, खाली झुंज आणि वर स्वर्ग. पेन वडिलांनी दिलेले होते, लष्करातून निवृत्त होऊन घरी आल्यावर. निब मामांची. विट्याचे मामा दक्षिणेत जुने सोने गाळायचे, गलाईचे दुकान चालवत. मोडीत आलेली ती निब मुशीत टाकता टाकता त्यांनी बाजूला काढली, कारण भाची लिहिते एवढे त्यांना ठाऊक होते. प्रबंधाचे हस्तलिखित मार्गदर्शक या नात्याने डॉ. शेडगे यांच्याकडे तपासायला गेले, तेव्हा त्यांनी पेनही ठेवून घेतले. दुरुस्त्या त्याच निबेने झालेल्या बऱ्या दिसतात, म्हणाले. पुढे हस्तलिखिताला वाळवी लागल्याचा निरोप आला. पेनाबद्दल निरोपही आला नाही. ग्रंथ मात्र आला. ऋणनिर्देशात संयोगिताबाईंचे नाव जीपच्या चालकाखाली होते, आणि दोघांपैकी चालकाचेच आडनाव बरोबर छापले होते.

त्यांनी तक्रार केली नाही. पुराव्यावाचून केलेली तक्रार पुरुषाची असेल तर वाद ठरते आणि बाईची असेल तर स्वभाव, हे समजण्याइतका इतिहास त्यांनी वाचला होता. डॉक्टरेट राहिली. अकरावी-बारावीला शिकवत त्या निवृत्त झाल्या आणि त्या साऱ्या काळात पेने जमवत राहिल्या. लोकांना तो छंद वाटला. प्रत्यक्षात सांगली-मिरजेच्या जुन्या बाजारांत त्या एकच पेन शोधत होत्या; ते सापडत नव्हते म्हणून बाकीची घरी येत होती. शोधता शोधता निबा वाचायला शिकल्या. हात जसा टेकतो तशी निब झिजते, आणि वर्षानुवर्षे एकाच हाताखाली झिजलेली निब दुसऱ्या हाताशी भांडते. बाई डावखुऱ्या होत्या. उन्हात बसून त्या निबेला त्यांनी आपल्या हाताचे वळण लावले होते.

राजेश्वरी त्यांच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी प्रथम आली ती असेच एक अडलेले पेन घेऊन. पेनांच्या गटावर नाव ऐकले होते, म्हणाली. निबा दुरुस्त करायला शिकवाल का? बाईंनी तिचे आडनाव विचारले. शेडगे, साताऱ्याचे, ती म्हणाली. बाई चहा टाकायला उठल्या.

त्यानंतर मुलगी रविवारी येत राहिली. बाईंनी तिला आधी निबेला हात लावू दिला नाही. नुसते पाहायला लावले. कुणाचा हात, कसा धरलेला, दाब कुठे. चुकली की फक्त म्हणायच्या, "कशावरून?" आणि ती पुन्हा भिंग उचलायची. आपले जुने पितळी भिंग बाईंनी तिलाच देऊन टाकले होते आणि स्वतःसाठी नवे घेतले होते. ती येताना पेढे आणी, बाईंच्या पाठदुखीची विचारपूस करी, जाताना गॅसचे बटण बंद आहे का पाहून जाई. एका रविवारी ती सहज म्हणाली, "बाबांचं एक पेन आहे. हिरवं-काळं. खंडेनवमीला पाटावर ठेवून पूजा करतात, एरवी कपाटात कुलपात. मलासुद्धा हात लावू देत नाहीत."

बाईंच्या हातातली निब पुसून झाली होती. त्यांनी ती पुन्हा पुसली.

"कुलपात पेन मरतं," त्या म्हणाल्या. "कधी प्रदर्शन भरवलंस तर त्याला लिहितं कर. सगळ्यांसमोर."

आज ते प्रदर्शन होते, आणि प्रमुख पाहुण्या संयोगिताबाई होत्या.

"कोण, संयोगिता?" डॉ. शेडगे खुर्चीतून उठले नाहीत. वय झाले होते, पण आवाजातली खुर्ची तशीच होती. "राजेश्वरी तुझं फार कौतुक करते. मी म्हटलं, अगं, ती माझ्याकडे होती काही दिवस. अभ्यास अर्धवट सोडलास तू. पुढं काही लिहिलंस की नाही?"

"नाही सर."

"का गं?"

"पेन नव्हतं."

ते मोठ्याने हसले. शेजारच्या दोघांना हसणे भाग पडले.

दीपप्रज्वलन झाले. शाली झाल्या. मग राजेश्वरीने पेटी उघडली, वडिलांनी सकाळी स्वतःच शाई भरून आत ठेवलेले पेन दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे ठेवले आणि ध्वनिक्षेपकावर सांगितले की, ज्या लेखणीने तो ग्रंथ लिहिला गेला, तीच आज पहिली ओळ लिहील. टेबलावर कॅमेरा लावला होता. कागद मागच्या पडद्यावर खाटेएवढा दिसत होता. हीही सूचना विश्रामबागेतूनच गेलेली होती.

डॉ. शेडगे यांनी निब कागदावर टेकवली. श्री आला नाही. कर्र असा आवाज ध्वनिक्षेपकाने सभागृहभर पोचवला. त्यांनी दाब वाढवला. निबेने कागदाचा धागा उपसला आणि पडद्यावर एक ओरखडा उमटला, मांजराने काढल्यासारखा.

"जुनं झालं," ते म्हणाले. "माझ्यासारखं."

सभागृह प्रेमाने हसले. राजेश्वरी पुढे झाली. "द्या बाबा, मी बघते. दोन मिनिटांचं काम." गळ्यातल्या दोऱ्याचे भिंग तिने डोळ्याला लावले, आणि शिकवले होते तसे, निबेला हात लावण्याआधी नुसते पाहिले.

संयोगिताबाई तिच्या पाठीकडे पाहत होत्या. त्या पाठीला जेव्हा समजले, तेव्हा ते त्यांना इकडून दिसले. खांदे उचलले गेले आणि खाली आलेच नाहीत.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतले, मनगट बाईंचे वळते तसे आत वळवले आणि कागदावर रेघ ओढली. अडखळलेल्या, परक्या हाताने ओढलेली रेघ. पण शाई न अडता, तेलासारखी, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटले, पोरीने पेन दुरुस्त केले.

राजेश्वरीने वडिलांकडे पाहिले. ते खांद्यावरची शाल सारखी करत होते. ती सारखीच होती. मग ती ध्वनिक्षेपकात म्हणाली, "पेन चांगलं आहे. आता मॅडम लिहितील."

संयोगिताबाई उठल्या. पेन डाव्या हातात घेतले. इतक्या वर्षांनी ते हातात आले तेव्हा काय वाटेल याची त्यांनी पुष्कळ कल्पना केली होती; प्रत्यक्षात ते फक्त नेमके बसले. त्यांनी सावकाश लिहिले : 'माणसाचे नाव गाव विसरते, त्याचा घोडा दगड लक्षात ठेवतो.'

'दगडातले स्वार'चे पहिले वाक्य. सभागृहातल्या जाणत्यांनी ओळखले. शिष्येने गुरूला केवढे अभिवादन केले, असे म्हणून कुणी तरी उभे राहिले, मग सगळेच उभे राहिले. मागच्या रांगेत आकाराम शेजाऱ्याला सांगत होता, "बगा, तसंच लिवतात, डाव्या हातानं. तवाबी आसंच." डॉ. शेडगे तेवढे बसून होते. पडद्यावरचे अक्षर त्यांच्या परिचयाचे होते. त्यांनी ते पानोपान स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलेले होते. संयोगिताबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. गुरूला करावा तसा, पायांपर्यंत. त्यांचे पाय मागे सरकले.

बाहेर कमानीपाशी त्या रिक्षाची वाट पाहत होत्या. राजेश्वरी आली. पेन मऊ कापडात गुंडाळलेले होते.

"हे तुमचं."

"कशावरून?"

तोंडातून ते सवयीने गेले. राजेश्वरी हसली नाही.

"पट्टी काढली मी पेटीवरची. बाबांनी अडवलं नाही." तिने कापडाची घडी नीट केली. "मॅडम, मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही आडनाव विचारलं होतं."

"हो."

"आणि मग चहा टाकायला गेलात."

"हो."

"तो चहा कशासाठी होता?"

अर्ध्या आयुष्याची वाक्ये संयोगिताबाईंपाशी तयार होती, धार लावलेली, पण ती सगळी बापासाठी रचलेली होती. मुलीसाठी एकही सापडले नाही. रिक्षा आली. राजेश्वरीने गळ्यातला दोरा काढला, भिंग कापडावर पेनाशेजारी ठेवले आणि पुरचुंडी बाईंच्या हातात दिली. बॅग उचलून आत ठेवली. रिक्षावाल्याला सांगितले, "स्टँडला. खड्ड्यांतनं हळू न्या, त्यांची पाठ दुखते." मग मागे न पाहता आत गेली.

सांगलीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. गाडी साताऱ्याबाहेर पडली, दोन्ही अंगांना ऊस लागला. बाईंनी कापड मांडीवर उघडले. पेन तसेच राहू दिले आणि भिंग उचलले. जुने, आपलेच. त्याच्या पितळी कडेवर एक जागा नव्याने झिजून सोन्यासारखी चकचकीत झाली होती. उजव्या अंगठ्याची. कडेवर जोर न देता हलकेच धरणारा, रविवारचा अंगठा.

त्यांनी आपला डावा अंगठा तिथे ठेवून पाहिला. मग भिंग फिरवून दुसऱ्या बाजूने ठेवून पाहिला. तो कुठेच बसेना.