ड्रिलमास्तरांची वीत

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, स्पष्टच सांगितलं होतं, "सगळा इतिहास या वर्गाच्या चार भिंतींत बसवून दाखवा. बाहेर गेला, तर तुमचा तास गणिताला." त्या स्वतः गणित शिकवायच्या, तेव्हा डाव उघडच होता.

इतिहासाच्या बाईंनी कंबर कसली. दहा हजार वर्षांची चित्रपट्टी. शंभर वर्षांना एक वीत. आपल्या चिमुकल्या हाताने त्यांनी भिंती मोजल्या, तर इतिहास अगदी चापूनचोपून बसत होता. मुलांनी शेतं, चाकं (त्यातलं एक चौकोनी), जहाजं, किल्ले, आगगाडी असं काय काय रंगवलं. शेवटी 'आज' लिहिलेला चौकोन. चिकटवायची खळ पुरेल असं दिसेना, तशा बाई सुरुवातीलाच ड्रिलमास्तरांना म्हणाल्या, "तुम्ही वीत-वीत मोजून चिकटवायला लागा, मी आणखी शिजवून आणते."

ड्रिलमास्तर म्हणजे ताडमाड गडी, पंजा फावड्याएवढा.

बाई पातेलं घेऊन परतल्या आणि दारातच मटकन बसल्या. चौथी भिंत संपली होती आणि जहाजं, किल्ले, आगगाडी अजून मुलांच्या हातातच!

"मास्तर, वीत कुणाची घेतलीत?"

"कुणाची म्हणजे? माझीच की!"

लाडका तास हातचा गेला होता. बाईंना रडू यायला हवं होतं, पण फिस्सकन हसूच फुटलं. "आता गेलाच आहे, तर पुरा जाऊ दे. काढा रे बाहेर!"

मग काय विचारता! जहाजं पाण्याच्या टाकीवरून गेली, किल्ले सूचनाफलकावर चढले, आगगाडी व्हरांडाभर धावली. मास्तरांनी खाली मान घालून शेवटची वीत मोजली आणि 'आज' दाणकन चिकटवला. नेमकं तेव्हाच केबिनचं दार उघडलं होतं. 'आज' मोठ्या बाईंच्या खांद्यावर बसला.

एक मुलगी पुढे झाली. "बाई, तुमचा जन्म इथे," तिने अर्धी वीत मागे बोट ठेवलं.

"एवढंसंच?"

"आमचं तर बोटभरही नाही!"

मोठ्या बाईंनी चष्मा सावरत पट्टी मागे मागे निरखली. "सगळीकडे एकच वीत ना? मग प्रमाण बिनचूक आहे." आणि त्याही खुदकन हसल्या. "इतिहास बाहेर गेलाय, बाई. बोलल्याप्रमाणे तुमचा तास गणिताला. आणि गणिताचा तास उद्यापासून इथेच व्हरांड्यात, या पट्टीवर. तो तुम्ही आणि मी मिळून घ्यायचा."

मुलांनी शाळा डोक्यावर घेतली. मोठ्या बाईंनी खांद्यावरचा 'आज' मात्र शाळा सुटेपर्यंत काढला नाही.