चाकाखालचा उजेड

ताईने सायकलच्या शर्यती सोडून बरीच वर्षं झाली होती. पण धाकटा भाऊ "मला तूच हवीस" म्हणाला आणि तिला नाही म्हणवेना. एका रिकाम्या गोदामात त्याने इंजिनाविना उडणारं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. पोकळ नळ्यांचा सांगाडा, चार कोपऱ्यांना भलेमोठे पंखे मधोमध सायकलची सीट आणि खाली चिमुकली चाकं. माणसाने पायडल मारायचं आणि पायांच्या जोरावर वर जायचं.

"यंत्राचं वजन आता तोळाभरही कमी होणार नाही," तो म्हणाला. "तुझंच करावं लागेल."

ताईने जेवण निम्म्यावर आणलं. "त्याच्या खुळापायी तुझी पार काडी झाली गं," आई म्हणायची. ताईला चक्कर यायची, केस गळायचे. पण पायांत जुना जोर परतत होता, त्याचंच तिला अप्रूप.

त्या सकाळी दारं लावून वारा अडवला. ताई जीव खाऊन पायडल मारू लागली. पंखे आधी आळोखेपिळोखे दिल्यासारखे हलले, मग सूं सूं करत फिरले. भाऊ जमिनीला गाल लावून आडवा पडला होता. एकदम ओरडला, "उजेड दिसतोय! ताई, चाकाखालून उजेड दिसतोय!"

जेमतेम वीतभर. लगेच तिच्या मांड्यांत गोळे आले आणि यंत्र धप्पकन खाली बसलं. ताई एकाच वेळी हसत होती, रडत होती. भावाने आधी सगळ्या नळ्या चाचपून पाहिल्या, मग तो तिच्याकडे आला.

"मिनिटभर तरी हवेत टिकायला हवं," तो चाचरत म्हणाला. "पायडल मारायला एक मुलगी बघून ठेवलीय. विशीतली आहे. होडीच्या शर्यतीत वल्हवते."

"कधी बघितलीस?"

"तू सराव सुरू केलास, तेव्हाच."

ताई सीटवरून उतरली. त्याचं चुकत नव्हतं, हेच तिला जास्त लागलं.

ती पोरगी आली त्या दिवशी ताईही गेली. "सीट पुढे घे, नाहीतर गुडघ्यांची वाट लागेल," म्हणत तिने स्वतः स्क्रू आवळला. पोरगी पुरुषभर उंच गेली आणि तिथेच तरंगत राहिली. खाली उतरताच भावाने तिला खांद्यावर घेतलं.

"ताई, तुम्हाला वर कसं वाटलं होतं?" पोरीने वरूनच विचारलं.

"कळायच्या आत खाली आले गं."

ताई बाहेर येऊन पायरीवर बसली. आज पायडलला तिचा पायही लागला नव्हता, तरी मांड्या थरथरत होत्या. आतून भावाच्या हाका येत होत्या, फोटोसाठी. ती उठली नाही.