बदली पिचरचा भाव

सासऱ्यांच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला तो पांढरा दोरा – चार पदरी, आणि गाठ बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी. दोन गल्ल्या सोडून चष्म्याचं दुकान होतं, राजसने दोनदा "बाबा, चला" म्हटलं होतं, पण नाही. सांगलीहून निघताना बांधलेला दोरा म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्येही तसाच राहणार... अहिल्याने नजर लॅपटॉपकडे वळवली. समोर दीनानाथ, तिचे सासरे, दहीपोहे खात होते. दर घासाला चमचा वाटीच्या कडेवर एकदा वाजायचा. नव्वद दिवसांच्या व्हिसातले बावीस दिवस झाले होते, अजून अडुसष्ट.

होमऑफिसचा दिवस म्हणजे आता हे असं. पूर्वी या टेबलावर ती असायची आणि तिचे आकडे. सट्टा घेणाऱ्या कंपन्यांना तिची कंपनी बेसबॉलचे भाव पुरवायची, आणि ते भाव अहिल्या ठरवायची. संभाव्यतेवर डॉक्टरेट केलेली बाई, आणि काम काय – तर वुपरटालच्या कुण्या सुताराने सोफ्यावर लोळत अमेरिकेतल्या कुठल्या संघावर पैसे लावावेत याची सोय! त्या सुताराची तिला कीवसुद्धा येत नसे. नावाला भुलणारी जात. मैदानात नऊ जण असतात, पण सुरुवातीला चेंडू टाकणारा पिचर कोण, एवढंच बघून ही झुंड इकडून तिकडे पळते... आणि राजस तरी काय वेगळा होता? म्युनिकच्या मराठी मंडळात तिची ओळख करून देताना तो घाईघाईने "स्पोर्ट्स ॲनॅलिटिक्स" म्हणायचा आणि लगेच बटाटेवड्यांच्या ताटाकडे वळायचा. बायको सट्ट्याचे भाव काढते, हे त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. भित्रा.

स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोप आला. संध्याकाळी सातच्या सामन्यातून यजमान संघाचा पिचर हेल पोटदुखीमुळे बाहेर. त्याच्या जागी प्रूइट. कोण हा प्रूइट? वय तेहतीस, खालच्या लीगमधून कालच बोलावलेला. तेहतिसाव्या वर्षी खालच्या लीगमध्ये – म्हणजे कळलंच.

हेल असताना यजमानांचा भाव होता एक पंचावन्न – ते जिंकले तर लावलेल्या एका युरोचे एक पंचावन्न मिळणार. आकडा जितका लहान, तितकी जिंकण्याची शक्यता मोठी. प्रूइटचं नाव घालताच मॉडेलने एक ऐंशी दाखवलं. अहिल्याने ते खोडून एक पंच्याण्णव केलं आणि पाठवून दिलं.

"यंत्र ऐंशी म्हणत होतं. तू पंच्याण्णव का केलंस?"

ती दचकली. रिकामी वाटी घेऊन दीनानाथ तिच्या मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नव्हतं.

"लोक घाबरतात, बाबा," लहान मुलाला सांगावं तसं ती म्हणाली. "मोठं नाव गेलं की सगळे समोरच्या संघावर पैसे लावायला धावतात. ते यायच्या आत भाव हलवून ठेवायचा."

"म्हणजे ऐंशीपर्यंतचा हिशेब पिचरचा, आणि वरचे पंधरा लोकांच्या मूर्खपणाचे."

"गेनाऊ," ती बोलून गेली. "म्हणजे... अगदी तसंच."

चार वर्षांत राजसने हे एकदाही समजून घेतलं नव्हतं – पण राजसने विचारलं तरी होतं का कधी?

"मी धरणावर होतो ना," दीनानाथ म्हणाले, "तेव्हा पाणी सोडायच्या आधी इशारा द्यायचो. लोक ऐकत नाहीत, म्हणून फूटभर वाढवूनच सांगायचो. पुढे गावांना ते कळलं. मग तेही फूटभर वजा करूनच ऐकायला लागले." ते स्वतःशीच हसले. "कोण कुणाला मूर्ख समजत होतं, कुणास ठाऊक. हा नवा कसा टाकतो? पाहिलास तू?"

"पाहायची गरज नसते, बाबा."

"बरं," म्हणून ते वाटी विसळायला गेले.

त्या 'बरं'मध्ये टोमणा असणारच. तिने तो शब्द मनात उलटसुलट करून पाहिला. नव्हता.

"तुम्ही इतक्या दिवसांत माझ्या कामाचं कधी विचारलं नाहीत," ती जरा मोठ्याने म्हणाली.

"राजसने बजावलं होतं. तिच्या कामाचा विषय काढू नका, लाज वाटते म्हणाला."

हेच ते! तिला जवळजवळ आनंद झाला. "कुणाला?"

नळ बंद झाला. "तुला," ते म्हणाले, जरा ओशाळून. "तिला लाज वाटते, म्हणाला. कुणी विचारलं की तिचा चेहरा उतरतो, मग मीच काहीतरी सांगून वेळ मारून नेतो."

मला? – मला कशाला लाज वाटेल... पण मंडळातली ती पहिली संध्याकाळ, कुणीतरी "तुम्ही काय करता?" विचारलेलं, आणि 'तूच सांग' म्हणून राजसच्या कोपराला लागलेली बोटं – ती कुणाची होती? आईला फोनवर 'सॉफ्टवेअर' कोणी सांगितलं?

"सात वाजता सामना दिसेल ना इथे?" दीनानाथ हात पुसत विचारत होते. "तो टाकतो कसा, बघू तरी."

"दिसेल," अहिल्या म्हणाली. साडेसहाला राजस येईल, दारातूनच त्याच्या सवयीच्या जर्मन वळणाने "आल्झो, काय चाललंय?" म्हणेल, आणि त्याला ऐकवायला रोज एक वाक्य तिच्याकडे तयार असे. आज ते जुळेना. भित्रा हा शब्द तेवढा जिभेवर होता, इतक्या वर्षांचा, चांगला रुळलेला. तो कुणाला म्हणायचा तेच कळेना, आणि गिळवतही नव्हता.